आईसाठी बोलका पक्षी घ्यायचाय, कोणता घेऊ?

शेवंती:
आई ६८ वर्षांची आहे, बाबा गेल्यापासून एकटीच असते. "घरात कुणाचा तरी आवाज हवा गं," असं सारखं म्हणते. सगळ्यात स्पष्ट बोलतो म्हणून आफ्रिकन ग्रे पोपट घ्यावा असं मनात आहे. आधी कधी पक्षी पाळलेला नाही. अनुभवी मंडळींनी सांगा.

रानपिंगळा:
बोलण्यात ग्रेचा हात धरणारा नाही. पक्ष्यांच्या बुद्धीवर संशोधन करणाऱ्या आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ साली आणलेल्या अलेक्स नावाच्या ग्रेला शंभरेक शब्द यायचे. वस्तू दाखवून रंग विचारला तर तो बरोबर सांगायचा. पण त्यामागे वर्षानुवर्षं रोज शिकवणारी माणसं होती. शिवाय ग्रे नीट सांभाळला तर ४०-५० वर्षं सहज जगतो. तुमच्या आईनंतर तो कुणाकडे जाणार, हे आधी ठरवा ताई. मी असा एक मागे राहिलेला ग्रे पाहिलाय. स्वतःचीच पिसं उपटून छाती उघडी पडलेली, आणि गेलेल्या मालकिणीच्या आवाजात "आले हं, आले" म्हणत होता. बघवत नव्हतं. माझं मत, नको.

निळी पट्टी:
बजी (बजरीगर, छोटा पोपट) घ्या, तोही तरुण नर. आकारावर जाऊ नका, पक नावाच्या बजीच्या नावावर १,७२८ शब्दांचा गिनेस विक्रम आहे. बरेच जण बजीलाच लव्हबर्ड म्हणतात, पण ते पक्षी वेगळे आणि लव्हबर्ड सहसा बोलत नाहीत. मोठ्या नराच्या चोचीवरची मांसल पट्टी बहुधा निळी असते, मादीची तपकिरी. पांढऱ्या-पिवळ्या जातींत मात्र ही खूण फसवते.

आमचा बजी तीन महिने नुसता पुटपुटायचा. संध्याकाळी डोळे अर्धवट मिटून, गळ्याची पिसं थरथरवत. एके दिवशी त्या पुटपुटण्यातून "दार लाव गं" असं निघालं, अगदी माझ्या सासूबाईंच्या लकबीत. त्या कितीतरी वेळ पिंजऱ्यापाशीच बसून राहिल्या. आवाज बारीक आणि भरभर असतो, कान लावावा लागतो. ग्रेसारखी स्पष्टता मिळणार नाही.

शेवंती:
एकटा ठेवू की जोडी? आणि आईच्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावून ठेवलं तर लवकर शिकेल का?

निळी पट्टी:
जोडीतले बजी आपसात रमतात, माणसांचं कमी उचलतात. एकटा ठेवलात तर त्याचा थवा म्हणजे आई. रोज बराच वेळ त्याच्याशी बोलायची त्यांची तयारी हवी, नाहीतर जोडीच आणा आणि बोलण्याची आशा सोडा. रेकॉर्डिंगच्या भरवशावर राहू नका. पेपरबर्ग यांच्या प्रयोगांत नुसत्या टेपवरून ग्रेही शब्द शिकले नाहीत. रोज त्याच वेळी, तेच वाक्य, समोर बसून.

पाणकोंबडी:
एक राहिलंच. नॉनस्टिक भांडं रिकामं तापलं तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत दगावतो, आपल्याला वासही येत नाही. पिंजरा स्वयंपाकघरापासून लांब. अ‍ॅव्होकॅडो कधीही देऊ नका. आणि जीभ कापली की पक्षी बोलतो असं कुणी सांगितलं तर तिथून पक्षी घेऊच नका. आवाज श्वासनलिकेच्या तळाशी तयार होतो, जीभ कापण्यात निव्वळ क्रूरता आहे.

शेवंती:
आईला सगळं वाचून दाखवलं. "छोटाच आण, माझ्याने तेवढाच होईल" म्हणाली. पहिलं वाक्यही ठरवलंय तिने, बाबा तिला ज्या नावाने हाक मारायचे ते. पिंजरा केवढा घेऊ?

रानपिंगळा:
उंचीपेक्षा रुंदी बघा, पंख पसरून इकडून तिकडे उडता आलं पाहिजे.