दर आठवड्याला धूरफवारणी करूनही सोसायटीत डेंग्यू का थांबत नाही?

प्रश्न (सोसायटीचा सचिव, कोथरूड, पुणे)

नमस्कार. आमच्या सोसायटीत दोन इमारती आणि बहात्तर सदनिका आहेत. जुलैपासून एका खासगी ठेकेदाराकडून आम्ही दर मंगळवारी संध्याकाळी धूरफवारणी करून घेत आहोत, तरीही ऑगस्टपासून आतापर्यंत पाच जणांना डेंग्यू झाला. आता काही सभासदांचा आग्रह आहे की देखभाल निधीतून स्वतःचे यंत्रच विकत घ्यावे आणि फवारणी आठवड्यातून दोनदा करावी. रविवारच्या सभेत मला यावर मत मांडायचे आहे. हा खर्च योग्य ठरेल का? शिवाय रोज कुत्र्याला घेऊन वेताळ टेकडीवर जाणारे एक सभासद विचारतात की तिथल्या गोचिडांमुळे माकडताप होऊ शकतो का.

उत्तर १ (कीटक नियंत्रणाच्या कामातून निवृत्त)

सचिवसाहेब, धुराची गाडी फाटकातून आत येताच तुमच्याकडचे लोक काय करतात, हे एकदा आठवून पाहा. सगळे दारेखिडक्या लावून घेतात. डेंग्यू पसरवणारा एडीस इजिप्ती डास मात्र त्या वेळी घरातच, पलंगाखाली, पडद्यामागे किंवा अडकवलेल्या कपड्यांत बसलेला असतो, म्हणजे धुरापासून आपण जसे स्वतःला वाचवतो तसेच त्यालाही वाचवतो. धुराचे सूक्ष्म थेंब उडणाऱ्या डासाला लागले तरच तो मरतो. थोड्याच वेळात धूर विरून जातो आणि पाण्यातल्या अळ्यांना त्याची झळही लागत नाही.

हा डास गटारात वाढत नाही. नदीकाठी जलपर्णीत किंवा सांडपाण्यावर वाढणारे डास बहुतेक क्युलेक्स जातीचे असतात आणि ते रात्री चावतात. त्यांचा त्रास खरा असला तरी डेंग्यू त्यांच्यामुळे होत नाही. एडीस दिवसा चावतो, बहुधा शंभर-दोनशे मीटरच्या आतच फिरतो आणि तुलनेने स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. म्हणून पाच रुग्ण तुमच्याच आवारातले असतील, तर पाणीही बहुधा तुमच्याच आवारात आहे. फ्रीजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, मनी प्लांटची बाटली, गच्चीवर झाकण सरकलेली टाकी, लिफ्टचा खड्डा, ताडपत्रीच्या घड्या, रंगकाम संपल्यावर राहून गेलेले डबे, हे सगळे पाहा. मादी अंडी पाण्यात न सोडता भांड्याच्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटवते आणि ती कोरड्यातही कित्येक महिने टिकतात, त्यामुळे पाणी नुसते ओतून दिल्याने काम होत नाही; भांडे आतून घासावे लागते. अंड्यापासून डास व्हायला पावसाळ्यात साधारण सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातला एक ‘कोरडा दिवस’, म्हणजे सगळी भांडी रिकामी करून घासायचा दिवस, पाळायला सांगतात तो याच हिशोबाने. कारंज्यासारखे रिकामे करता न येणारे पाणी असेल तर त्यात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडावेत.

यंत्रावर खर्च करण्यापेक्षा ते पैसे पाणी शोधायला माणसे ठेवण्यासाठी वापरावेत, असे माझे मत आहे.

उत्तर २ (डॉक्टर, जनरल प्रॅक्टिस)

वरील उत्तराशी सहमत आहे, पण धूर सर्वस्वी निरुपयोगी आहे असा समज होऊ नये. रुग्ण सापडल्यावर त्याच्या घरात आणि आसपासच्या घरांच्या आत पायरेथ्रम या कीटकनाशकाची फवारणी करणे हा रोगनियंत्रणाचा मान्य भाग आहे, कारण त्या क्षणी विषाणू घेऊन फिरणारे प्रौढ डास मारायचे असतात. मात्र त्यासाठी रुग्णाची माहिती महापालिकेच्या आरोग्य विभागापर्यंत लगेच पोहोचली पाहिजे. डेंग्यूची नोंद करणे बंधनकारक असूनही अनेक कुटुंबे घरी तपासणाऱ्यांची वर्दळ नको म्हणून गप्प राहतात. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस१ (विषाणूचे प्रथिन शोधणारी) आणि त्यानंतर आयजीएम (शरीरातली प्रतिपिंडे शोधणारी) ही प्रयोगशाळेतली एलायझा रक्तचाचणी विश्वसनीय आहे. केवळ झटपट पट्टी-चाचणीवर निदान थांबवू नये. तापाच्या या पहिल्या दिवसांत रुग्णाने दुपारीही मच्छरदाणीतच झोपावे, कारण त्याला चावणारा डासच पुढे इतरांना विषाणू देतो.

सोसायटीत गर्भवती स्त्रिया असतील तर अधिक दक्षता घ्या. गर्भातल्या बाळाला धोका असलेल्या झिका विषाणूचाही प्रसार हाच डास करतो. महाराष्ट्रातला पहिला झिका रुग्ण २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावी आढळला आणि २०२४ मध्ये तुमच्या शेजारच्या एरंडवण्यातही रुग्ण सापडले.

गोचिडांविषयी: माकडतापाचा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात सापडला, आणि तो ओळखण्यात आपल्या पुण्यातल्या विषाणू संशोधन केंद्राचा, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचा, मोठा वाटा होता. महाराष्ट्रात तो सिंधुदुर्गात, दोडामार्गच्या बाजूला आढळतो, आणि तो पसरवणारे गोचीड जंगलातले असतात. टेकडीवरून परतलेल्या कुत्र्याच्या अंगावर दिसतात ते बहुतेक वेगळ्या जातीचे, तपकिरी गोचीड. तरीही ते नखांत चिरडू नका आणि त्यांवर रॉकेल वा तेल ओतू नका. चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढा. त्यानंतर ताप आणि पुरळ आले तर डॉक्टरांना गोचिडाचा उल्लेख आवर्जून करा.

उत्तर ३ (रहिवासी, सहकारनगर)

आमच्याकडे तीन आठवडे शोधूनही अळ्या सापडत नव्हत्या. शेवटी एका बंद सदनिकेच्या मालकांनी किल्ली पाठवली, आणि त्यांच्या बाल्कनीत रिकाम्या कुंड्यांच्या रांगेत पावसाचे पाणी आणि त्यात वळवळ दिसली. बंद घरांच्या किल्ल्या कोणाकडे आहेत, याची यादी सभेपूर्वीच करा. सभेत त्यावरून भांडण होते, हा अनुभव आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. आज सकाळी गच्चीवर गेलो. सौरबंबाच्या स्टँडखाली गेल्या वर्षीच्या गणपतीच्या मांडवाची ताडपत्री घडी करून ठेवली होती, आणि तिच्या खोलगट भागात वीतभर पाणी होते. टॉर्च मारल्याबरोबर अळ्या तळाकडे पळाल्या. यंत्राचा विषय कार्यक्रमपत्रिकेतून काढला आहे. आमच्याकडे अकरा सदनिका बंद आहेत, त्यांपैकी सात किल्ल्या मिळाल्या. उरलेल्या चार मालकांना आज पत्र जाईल.