इलेक्ट्रिक गाडीत सहकुटुंब मुक्काम : बामणोलीकडे जमेल का?

हळदीगाव

नमस्कार. आम्ही सांगलीचे, विश्रामबागला राहतो. मार्चमध्ये इलेक्ट्रिक गाडी घेतली, बॅटरी ४०.५ किलोवॅट-तासांची. नाताळच्या सुट्टीत बामणोलीकडे, म्हणजे साताऱ्याहून कास पठाराच्या पलीकडे, जायचं घाटतंय. हॉटेल नको, गाडीतच झोपायचं, असा पोरांचा हट्ट. मोठा नऊ वर्षांचा, धाकटी पाच. आमचे हे तंबूत झोपायला तयार आहेत. सासूबाईंना म्हटलं तुम्ही थांबा घरी, तर त्यांची पिशवी भरूनही झाली.

रात्रभर हीटर लावला तर सकाळी घाट चढायला चार्ज उरेल का? दुसरं म्हणजे, एसी लावून गाडीत झोपलेली माणसं गुदमरून गेल्याची बातमी सासूबाईंनी मला तीनदा पाठवलीय. आपल्या गाडीत तसं होईल का?

कासचावारा

बामणोली कशाला, ठोसेघरच्या पुढं चाळकेवाडीला जा. पवनचक्क्या आहेत, आभाळ मोकळं. डिसेंबरात चांदण्या मोजत बसा.

डेपोतला मिस्त्री

चाळकेवाडीला पवनचक्क्या का उभ्या केल्यात याचा जरा विचार करा. तिथं तंबू लावलात तर यजमान सकाळी पाटण खोऱ्यात सापडायचे.

ताई, मी एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालो. उभा जन्म डिझेलच्या वासात गेला. आता लेकीची इलेक्ट्रिक गाडी चालवतो. गेल्या वर्षी याच दिवसांत मी, मंडळी आणि दोन नातवंडं बामणोलीच्या अलीकडं एकाच्या अंगणात मुक्कामाला होतो.

आधी सासूबाईंचं. त्या बातम्या खोट्या नाहीत. इंजिन चालू ठेवून एसी लावला की धुरातला कार्बन मोनॉक्साइड कुठूनतरी आत येतो. त्याला ना वास ना रंग, झोपेतच माणूस जातो. आपल्या गाडीत इंजिनच नाही, त्यामुळं तो धूर नाही. पण हवा आतल्या आत फिरवायचं बटण बंद ठेवा, बाहेरची हवा येऊ द्या, दोन काचा दोन बोटं उघड्या. आणि ऊब म्हणून कोळशाची शेगडी गाडीत काय, तंबूतसुद्धा न्यायची नाही. इंजिन नसलं तरी कोळसा तोच वायू सोडतो.

आता चार्ज. साताऱ्यातून निघताना ९० टक्के करून घ्या. हायवेला चार्जर आहेत, वर त्या भरवशावर जाऊ नका. सातारा ७०० मीटरच्या आसपास, कास १२०० च्या. माणसं-सामानासकट दोन टनांचं धूड पाचशे मीटर वर चढवायचं म्हणजे निव्वळ चढालाच पावणेतीन युनिट, म्हणजे किलोवॅट-तास, लागतात. पुढं कासपासून बामणोलीपर्यंत उतार आहे. उतरताना बॅटरी थोडी परत भरते आणि आकडा बघून माणूस खूश होतो. तिथंच फसतो. सकाळी तोच डोंगर पुन्हा चढायचाय. साताऱ्याला परत यायला आठ-नऊ युनिट धरा, म्हणजे तुमच्या बॅटरीचे बावीस टक्के. त्याच्या वर दहा टक्के हात राखून ठेवा आणि राहिलेले खुशाल रात्रीला खर्चा.

आम्ही झोपलो तेव्हा ७१ होते, सकाळी ६३. रात्रभर पंखा बारीक, पहाटे वीस मिनिटं हीटर, बस. नऊ तास हीटर लावायची गरजच पडत नाही. दारं लावली की चार माणसांच्या अंगाची ऊब पुरते, वरून वाकळा. तुम्ही चार्जचा घोर कशाला करता? खरा घोर पाठीचा. मागची सीट पाडली की मध्ये वीतभर पायरी राहते. आम्ही त्या खड्ड्यात दोन वाकळा घड्या करून घातल्या, वर गादी. तरी मंडळींच्या कमरेनं तिसऱ्या दिवसापर्यंत माझी आठवण काढली.

काचांना आतून दव धरतं. पहाटे छतावरून थेंब नातीच्या नाकावर पडला तेव्हा कळलं, काच आणखी एक बोट उघडायला हवी होती. मच्छरदाणीचं कापड आणि लोहचुंबक न्या, दाराच्या पत्र्याला चिकटवून टाका.

आणखी एक. रात्री तीनला मंडळी बाथरूमला जायला उठल्या. गाडी लॉक, चावी माझ्या उशाखाली. आतून दार उघडलं आणि सायरन सुरू. वाडीतली सगळी कुत्री जागी झाली, मालकमामा काठी घेऊन बाहेर आले. तुमची गाडी काय करते ते घरी तपासा. पंखा चालू म्हणजे गाडी चालू, आवाज नाही म्हणून विसरायला होतं. ड्रायव्हरच्या सीटवर पोराला झोपवू नका. हँडब्रेक ओढा आणि चाकाला दगड लावाच.

जागा मात्र कुणाचं तरी अंगणच धरा. कास २०१२ पासून जागतिक वारशात आहे, पठारावर मुक्काम करता येत नाही. बामणोलीच्या शिवसागर तलावापलीकडचं रान व्याघ्र प्रकल्पाचं. गवे आहेत, अस्वलं आहेत, उरलेलं जेवण बाहेर ठेवू नका. आमचे मामा म्हणाले, "झोपणार गाडीत, मग पैसे कशाचे देताय?" संडास-बाथरूम, पिठलं-भाकरी आणि विजेचे मिळून दिले.

विजेचंही ऐका. गोठ्यात कडबाकुट्टीला १५ अँपिअरचा पॉइंट होता. चार्जर लावला तर लाल दिवा, अर्थिंग नाही. मामांनी शांतपणे बादली उचलली, गोठ्यामागं अर्थिंगचा खड्डा होता त्यात ओतली. दुसऱ्या बादलीला दिवा हिरवा.

फेजन्यूट्रल

काका, बाकी सगळं मान्य, पण ही बादली लोकांना शिकवू नका. मी वायरमन आहे. माती ओली झाली की तात्पुरतं जमतं, खड्डा सुकला की पुन्हा तेच. चार्जर त्या पॉइंटमधून तासन्‌तास तीन किलोवॅटच्या आसपास ओढत राहतो. कडबाकुट्टी अर्धा तास चालते, तिची वायर त्या हिशोबानं टाकलेली असते. ताई, लावलाच चार्जर तर अर्ध्या तासानं प्लगला हात लावून बघा. चटका बसला तर काढा. एक्स्टेन्शन बोर्ड तर अजिबात नको.

डेपोतला मिस्त्री

बरोबर आहे तुमचं. प्लग गरम झालाच होता, मी तासाभरात काढला. ते लिहायचं राहिलं.

ताई, चार्जची गरजच पडणार नाही असा बेत करा. आणि जायच्या आधी एक रात्र दारात झोपून बघा.

हळदीगाव

मिस्त्रीकाका, झोपलो! काल शनिवारी, अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये. सांगलीत इतकी थंडी नाही, हीटर लावलाच नाही. रात्री साडेदहाला ८४, सकाळी सहाला ७९.

सायरन आमच्याकडे वाजला नाही. पण समोरचा मोठा पडदा रात्रभर उजेड पाडत होता. शेवटी ह्यांचा पंचा टाकला त्यावर. पायरीचा खड्डा दोन वाकळांनी भरला नाही, तिसरी लागली. धाकटी दीड वाजता आडवी झाली आणि तिच्या लाथा खात मी पहाटेपर्यंत दाराला चिकटून. साडेपाचला वॉचमननं काचेवर टकटक केलं. त्याला वाटलं, घरात भांडण झालंय.

सासूबाई एकट्याच गाढ झोपल्या. सकाळी म्हणाल्या, एसटीच्या मागच्या बाकड्यापेक्षा बरं आहे.

बामणोलीला मी तंबूत आणि हे गाडीत, असं ठरतंय. काका, ते लोहचुंबक कसले घेतलेत? फ्रिजवरचे लावले तर कापड सारखं सुटत होतं.