इंडिकेटर: निर्देशक, निर्देशांक, दर्शक की सूचक?

जुळे_सोलापूर: गावोगावच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांसाठी पुस्तिका मराठीत करतेय. जैवविविधतेसाठी जगातल्या देशांनी ठरवलेल्या २०२२च्या कुनमिंग-मॉन्ट्रियल आराखड्यात देशांची प्रगती मोजायला 'हेडलाइन इंडिकेटर' आहेत. मी 'ठळक निर्देशांक' लिहिलं. तपासणाऱ्या सरांनी खोडून 'निर्देशक' केलं. गावात निर्देशक म्हटलं की सिनेमावाला वाटतो. काय ठेवू?

बाळीवेस: सर बरोबर आहेत. निर्देशांकात बरेच आकडे एकत्र करून एक काढतात. मानव विकास निर्देशांक घ्या, नीती आयोगाचा शाश्वत विकास ध्येयांचा (एसडीजी) घ्या. देशातली किती टक्के जमीन संरक्षित, ही सरळ एक मोजणी. ती निर्देशक.

रसायन_मास्तर: लिटमसला आम्ही 'दर्शक' शिकवतो. आम्ल आहे एवढं दाखवतो, पुढचं तुम्ही शोधा. ताई, दर्शकच घ्या.

चाटीगल्ली: दर्शक म्हणजे टीव्ही बघणारा ना ओ मास्तर?

रसायन_मास्तर: तो हिंदीतला. आपला प्रेक्षक. हिंदीच्या धाकानं आपले किती शब्द सोडायचे?

चाटीगल्ली: मग सूचक घ्या की.

बाळीवेस: सोसायटीच्या सभेत सूचक-अनुमोदक असतात. माळढोक पक्षी सूचक आणि तणमोर पक्षी अनुमोदक का?

हिप्परगा: बाळीवेस, तुमची वाटणी टिकत नाही मालक. त्याच हेडलाइन यादीत रेड लिस्ट इंडेक्स आहे, प्रजाती नामशेष व्हायचा धोका दाखवणारा. म्हणजे निर्देशांक हाच तिथं निर्देशक! आणि शब्दावर कशाला भांडलालाव? आपल्या सोलापूरजवळचं नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९चं. कागदावर आठ हजार चौरस किलोमीटरच्या वर, आत गावं, ऊस, डांबरी रस्ते सगळंच. टक्केवारी बघितली तर झकास. पुढं कापून १२२२ वर आणलं. पण माळढोक कमी व्हायला लागला तो क्षेत्र दांडगं होतं तेव्हाच. त्या आराखड्यात २०३०पर्यंत ३० टक्के जमीन राखायचं ठरलंय, त्यातही हीच गंमत होणार. पक्षी मोजा, चौरस किलोमीटर कसले मोजता?

बाळीवेस: दोन्ही मोजतात. म्हणून तर निर्देशक अनेक असतात. इंडेक्सचा मुद्दा मात्र बघायला पाहिजे.

जुळे_सोलापूर: सगळं खरं, पण मला शब्द हवाय. पुस्तिका छपाईला जायचीय. 'सस्टेनेबल'ला 'शाश्वत' तरी चालेल ना?

चाटीगल्ली: टिकाऊ लिहा. चादर शाश्वत आहे का असं कुठलं गिऱ्हाईक विचारतंय?

रसायन_मास्तर: टिकाऊ म्हणजे आहे ते झिजत नाही. इथं वापरायचंही आहे आणि पुढच्यांना उरवायचंही. शाश्वत रुळलाय, राहू द्या.

चाटीगल्ली: आत्मा शाश्वत असतो असं कीर्तनात ऐकलंय. ऊस नाही.

हिप्परगा: माळढोकमधला ढोक कुठला, कुणाला माहितीय? आमच्याकडं तळ्यावरच्या बगळ्याला ढोकरी म्हणतात. माळावरचा तो माळढोक, असं आपलं मला वाटतं.

बाळीवेस: ढोकरी केवढी, माळढोक केवढा! ढोक म्हणजे करकोच्याच्या जातीतला असणार.