मदत हवी: बुवा किती वाजता गायला बसतील?

गोदाकाठचा
यादी आली! शनिवारी गायला उल्हास कशाळकरबुवा आहेत. वडील तीन दिवसांपासून एकच विचारायलेत, "निघायचं कधी?" पण यादीत नुसता वार अन् नावं, वेळ कुठंच नाही. परतीची ट्रॅव्हल्स साडेदहाची आहे. बुवा ऐकून ती सापडंल का? आज बुकिंग करायचंय, लवकर सांगा.

ठेका_चुकला
कोणती यादी? वेरूळ-अजिंठा महोत्सव, का नांदेडचा शंकर दरबार? अन् परत कुठं जायचंय? मनकवडं समजलात का आम्हाला?

गोदाकाठचा
सवाई गंधर्व महोत्सव हो, पुण्याचा. दुसरीकडं कशाला ट्रॅव्हल्सनं जाईन? परभणीहून.

जोडतंबोरे
छापलेला क्रम बहुधा बसायचाच क्रम असतो. नवे आधी, ज्येष्ठ शेवटी. बुवांचं नाव कितवं आहे? शेवटचं असेल तर साडेदहाची गाडी विसरा. इतर दिवशी दहाला आवरतं, शनिवारी बारापर्यंत चालतं. मधल्या सत्काराचा वेळही धरा.

ठेका_चुकला
तबल्याला कोण आहे ते पाहिलं का? तळवलकर असतील तर गाडी सोडा, घरही विका.

गोदाकाठचा
तबल्याचं कोण विचारलं? नाव शेवटचंच आहे.

बालाघाटी
पूर्वी हा प्रश्नच नव्हता. सवाई रमणबाग शाळेच्या पटांगणात व्हायचा, तिथं रात्रभर बसायचो, सकाळच्या एसटीनं बीडला. भीमसेनजी पहाटे बसायचे आणि शेवटी त्यांचे गुरू सवाई गंधर्व यांच्या भैरवीची जुनी रेकॉर्ड. थंडीत माणसं उभी राहून ऐकायची. आता रात्रीच्या दरबारी रागाला रंग चढेपर्यंत लोक घड्याळं बघतात. आयोजकांनी हट्ट धरायला पाहिजे होता.

जोडतंबोरे
आयोजक काय करतील? २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्याला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते. त्यात गणपती, नवरात्र सगळं बसवायचं. शनिवार मिळतो हेच खूप.

बालाघाटी
लग्नाच्या डीजेला कुठला नियम लागतो?

जोडतंबोरे
तोच लागतो. पाळत नाहीत ही वेगळी गोष्ट.

अंबडवाला
पुणं कशाला? दत्तजयंतीला आमच्या अंबडच्या संगीत उत्सवाला या. गवयाच्या पुढ्यात बसा, पानाचा डबा उघडल्याचासुद्धा आवाज येतो. तिकडं सवाईच्या मुकुंदनगरच्या मांडवात मागं बसलात तर पडद्यावरच बघाल, मग घरी टीव्ही काय वाईट?

गोदाकाठचा
अंबडला बुवा आहेत का? नाहीत ना. मग?

ठेका_चुकला
बुवा मूळचे पांढरकवड्याचे, विदर्भाचे. आपल्याकडं कामून असे होत नाहीत?

अंबडवाला
गवई नाथराव नेरळकर आपल्या मराठवाड्याचेच नव्हते का? आधी माहिती घ्या.

जोडतंबोरे
दादा, वडलांचं वय किती? खाली बसवतं का? हे आधी सांगायला पाहिजे होतं. खुर्च्यांची तिकिटं पहिल्यांदा संपतात.

गोदाकाठचा
७४. गुडघे गेलेत. पण एकदा तानपुरे जुळले की हलत नाहीत, मांडीवर बोटांनी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, धरत्यात. लहानपणी ती सम चुकली की माझ्या पाठीत बसायची.

जोडतंबोरे
मग रात्री मुक्कामच करा. स्वारगेटजवळ लॉज बघा, मुकुंदनगर तिथून जवळ आहे. सकाळी आरामात निघा. शाल आणि माकडटोपी लागतेच, मांडवात उशिरा गारठा उतरतो.

गोदाकाठचा
शनिवारची रजा टाकली, ट्रॅव्हल्स सोडून दिली. आता सांगा, खुर्ची दिसंना, खाली बसायची भारतीय बैठकच उरलीय. घरची घडीची खुर्ची आत नेऊ देतात का?

बालाघाटी
रमणबागेत आम्ही पोतं नेलं होतं.

ठेका_चुकला
मागच्या माणसानं काय तुमच्या खुर्चीची पाठ ऐकायची का?

अंबडवाला
अंबडला भिंतीला टेकून बसता येतं. आधीच सांगितलं होतं.