दलालाची उचल घेऊन मासळी बांधून देतात, ती का?

मांद्रेचा भाचा

माझे मामा गोव्यात मोरजीला होडी घालतात. फायबरची होडी, आउटबोर्ड इंजिन, जाळी. इंजिन घेताना त्यांनी म्हापशाच्या एका दलालाकडून उचल घेतली. व्याज नाही, मुदत नाही, कागदही नाही. अट एकच, मासळी सगळी त्यालाच घालायची. परवा वजनकाट्यापाशी उभा होतो. त्यांच्या बांगड्याला किलोमागे जो दर मिळाला, त्यापेक्षा शेजारच्या मोकळ्या, म्हणजे उचल न घेतलेल्या, होडीवाल्याला वीस रुपये जास्त मिळाले. बांगडा तोच, वेळ तीच.

मी बँकेत नोकरीला आहे. किसान क्रेडिट कार्ड 2018-19 पासून मच्छीमारांनाही मिळतं, 7 टक्क्यांनी, आणि वेळेवर फेडलं तर 4 टक्केच पडतात. मामांना सांगितलं तर म्हणाले, "तू राहू दे." मामा हिशेबाला कच्चे नाहीत. मग असं का करतात? खरंच समजून घ्यायचं आहे.

तेरेखोलकाठ

मी केरीचा, गाबीत, म्हणजे मच्छीमार समाजातला. वडिलांचाही हाच धंदा. माझीही मासळी बांधलेली आहे, म्हणून सांगू शकतो.

तुमचाच हिशेब पुढे नेतो. समजा लाखाची उचल आहे, हंगामात तीन लाखांची मासळी घातली आणि दरात दहा टक्के मार खाल्ला. तीस हजार गेले. बँकेला चार हजार गेले असते. इथपर्यंत तुमचं बरोबर आहे. पण ज्या वर्षी एकामागून एक वादळं येतात, बांगडा किनाऱ्याकडे फिरकत नाही आणि जेमतेम लाखाची मासळी पडते, त्या वर्षी दलालाकडेही दहाच हजार जातात. मला नाही तर त्यालाही नाही. मुद्दल तो मागत नाही, होडी त्याच्याकडे येतेय तोवर त्याला ते परत नकोच असतं. बँकेची तारीख समुद्र बघून पुढे जात नाही, आणि ती चुकली की तुमचे ते चार टक्केही राहत नाहीत.

त्यात 1 जून ते 31 जुलै बंदी. ती यंत्रचलित बोटींना, पण त्या दिवसांत समुद्र आमच्या होड्यांनाही बाहेर सोडत नाही. जूनमध्ये पोरांच्या वह्या-पुस्तकं, मग जाळ्यांची दुरुस्ती, आणि धंदा जरा सुरू होतोय तोच चतुर्थी. त्या वेळी रात्री नऊला फोन केला तरी सकाळी पैसे हातात देणारा माणूस एकच असतो.

कार्डाचंही बघा. ते तेल, बर्फ, मजुरी अशा चालू खर्चाला. इंजिन त्यात बसत नाही. होडी नोंदलेली हवी, परवाना हवा. आमच्याकडे कित्येक घरांत होडी अजून बापाच्या नाहीतर थोरल्या भावाच्या नावावर आहे. आणि होडीवर नुसता जो खलाशी जातो, त्यानं काय दाखवायचं?

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र वेगळी आहे. तारले एकदम पडतात तो दिवस बघितला आहे का? सगळ्या होड्या भरून येतात, मडगावच्या घाऊक बाजारात बाहेरचे ट्रक आधीच उतरलेले असतात, ऊन चढत असतं. मोकळा होडीवाला, ज्याला परवा वीस रुपये जास्त मिळाले, तो वाळूवर गिऱ्हाईक शोधत फिरतो. माझा माल दलालाला घ्यावाच लागतो. बर्फ त्याचा, क्रेट त्याचे, टेम्पो त्याचा. इसवण, म्हणजे सुरमई, मिळाली तर ती हॉटेलला जाते आणि हॉटेलवाला पैसे महिन्यानं देतो. मला रोख मिळतात. तो महिना दलाल सोसतो.

म्हणून मी त्याला चोर म्हणणार नाही. पण यात अन्याय आहे आणि तो मला सलतो. माझी मासळी पावणीत, म्हणजे लिलावात, जातच नाही, दर तो सांगतो. सोडून जायचं म्हटलं तर दुसरा दलाल पहिल्याचे पैसे भागवतो आणि मी कर्जासकट त्याच्याकडे जातो. अशानं आपल्या मालाला बाहेर काय किंमत आहे हे मला कधी कळतच नाही.

म्हापशाच्या बाजारातली

तुम्ही दोघांनी होडीचा हिशेब केलात, घरचा राहिला. आमची होडी मोकळी होती तेव्हा नवऱ्याची मासळी मी बाजारात आणत असे. विक्रीतला नफा घरात यायचा, पोरीच्या कॉलेजची फी त्यातूनच गेली. उचल घेतल्यावर सगळा माल टेम्पोत चढायला लागला आणि मी त्याच दलालाकडून बोली लावून टोपली घेऊ लागले. म्हणजे दरातला मार एकदा किनाऱ्यावर आणि परत एकदा माझ्या टोपलीवर. उचल घेताना बायकोला कोण विचारतो?

पुढच्या वेळी जाळ्यांसाठी पैसे हवे होते तेव्हा मी स्वतः गेले बोलायला. रोज दोन टोपल्या माझ्या, आणि त्या मी निवडणार. थोडी कुरकुर करून तो कबूल झाला, कारण चांगली होडी हातची जावी असं त्यालाही वाटत नाही. भाऊ, मामीला बरोबर न्या. आणि जे बोलायचं ते पैसे घेण्याआधी बोला. नंतर कोणी ऐकत नाही.

जुना रापणकार

केरळातल्या मच्छीमारांनी यावर उपाय काढला आहे. गावोगावच्या सोसायट्यांनी किनाऱ्यावरचा लिलाव स्वतःच्या हातात घेतला आणि 1980 मध्ये त्यांचा महासंघ झाला, साउथ इंडियन फेडरेशन ऑफ फिशरमेन सोसायटीज. रोजच्या विक्रीतून ठरावीक टक्के कर्जाला, थोडे बचतीला. मासळी कमी तर कपातही कमी. केरीवाल्यांनी दलालाची जी सोय सांगितली तीच, फक्त लिलाव उघडा.

आपण सत्तरच्या दशकात रापणकारांचे नेते माथानी साल्ढाणा यांच्याबरोबर ट्रॉलरांविरुद्ध उभे राहिलो, गोव्याचा सागरी मासेमारीचा 1980 चा कायदा त्यातूनच आला. ती एकी समुद्रासाठी होती. विक्रीसाठी तशी एकी आपण केली नाही, आणि मला ते फार लागतं. एका गावातल्या दहा होड्यांनीही सुरुवात होऊ शकते.

मांद्रेचा भाचा

सगळ्यांचे आभार. वाईट वर्षी दलालाचा वाटाही कमी होतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग मामांनी आत्ता काय करावं?

तेरेखोलकाठ

इंजिनाची उचल आहे ती राहू दे, पण तेल-बर्फासाठी नवी घेऊ नका, त्याला कार्ड चालेल. रोजचे किलो आणि मिळालेला दर वहीत लिहा, शेजारी त्याच दिवसाचा म्हापशाचा दर. ताई तिथेच बसतात, त्या सांगतील. हंगाम संपल्यावर ती वही घेऊन दलालाकडे जा, मग दरावर बोलता येतं. आणि सगळ्याआधी होडी कोणाच्या नावावर आहे ते विचारा, नाहीतर कार्डाचा अर्ज पुढे सरकायचा नाही.