प्रतिफळाच्या आशेनं केलेली प्रीती, प्रीती राहते का?

राजारामपुरीकर:
रविवारी चर्चच्या उपासनेत पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, बायबलमधल्या करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा १३ वा अध्याय घेतला. सगळं धन गोरगरिबांना वाटलं, देहसुद्धा जाळायला दिला, पण प्रीती नसेल तर काही लाभ नाही, असं प्रेषित पौल सांगतो. इथवर मन भरून आलं होतं. आणि उपदेशाचा शेवट कशावर? स्वर्गात तुमच्यासाठी मुकुट राखून ठेवलाय! मुकुटासाठी केली ती प्रीती कसली, ती नोकरी. येशूचा शिष्य पेत्र, त्यानंही विचारलं होतंच की, आम्ही सगळं सोडून आलो, आम्हाला काय मिळणार? प्रभू त्याला राजासनांचं वचन देतो, मान्य. पण लगेच पुढं द्राक्षमळ्याची गोष्ट सांगतो. पहाटेपासून राबलेल्यालाही एकच दिनार आणि दिवस मावळायला आलेल्यालाही एकच दिनार. हिशेब मांडणाऱ्यांना याहून सणसणीत उत्तर कुठलं असणार?

मिरजेची लेक:
भाऊ, मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय पुन्हा वाचा. दान, प्रार्थना, उपास, तिन्ही गुपचूप करा म्हणतो प्रभू आणि तिन्ही वेळा सांगतो, तुमचा पिता फेड करील. प्रतिफळ वाईट असतं तर त्यानं ते नावच काढलं नसतं. त्याला राग आहे तो चारचौघांत मिरवण्याचा. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तर खुद्द त्याच्याबद्दल लिहिलंय की पुढं ठेवलेल्या आनंदासाठी त्यानं वधस्तंभ सोसला. तुम्ही त्याच्यापेक्षा निःस्वार्थी व्हायला निघालात होय?

रंकाळ्यावरचा:
मी ख्रिस्ती नाही, तरी बोलतो. गीता फळावर हक्कच सांगू नको म्हणते. तुकोबांनी तर मुक्तीसुद्धा नाकारली. तुमच्याकडं मात्र स्वर्गाचं आमिष आहेच. मिशनरी वाइल्डर साहेब १८५२ ला कोल्हापुरात आले ते धर्म सांगायला. शाळा, दवाखाने त्यामागनं आले. हेतू ठेवून केलेल्या सेवेला प्रीती म्हणवत नाही मला.

तालमीतला पीटर:
दादा, हेतू कुणी लपवलाच नव्हता, उघड सांगून आले होते ते. पण मिरजेला मिशनच्या वॉन्लेस डॉक्टरांनी १८९४ ला दवाखाना काढला, तिथं सगळ्या जातीधर्माची माणसं गेली आणि बहुतेक जशी गेली तशीच बरी होऊन घरी आली. माझ्या आज्जीच्या शेजारीण काकू शेवटपर्यंत जोतिबाला नारळ फोडत होत्या, दवाखान्याला आशीर्वादही देत होत्या. कुणी बिल्ला लावून पाठवलं नाही त्यांना. २०१९ च्या पुरात आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका चपात्या लाटत होत्या, तेव्हा पिठाच्या हातानं मुकुटाचा विचार कोण करतंय?
हां, तुमचं एक घेतो. 'दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, द्या, देव दहापट देईल' म्हणणाऱ्या सभा मलाही खुपतात. तो निव्वळ भिशीचा धंदा.

अभंगवेडी:
पीटर, सेवा करताना विसर पडतो म्हणून प्रश्न सुटत नाही हो. रंकाळ्यावरच्या दादांना विचारते, तुकोबांनी मुक्ती नाकारली, पण संतसंग मागितलाच ना? देवाचा विसर न व्हावा, हे दानही मागितलं. म्हणजे मागणं होतंच, फक्त देवाच्या बाहेरचं काही मागितलं नाही. भेदाची रेघ इथं आहे. लग्नानंतर सोबत मिळावी म्हणणारा लोभी नसतो, हुंड्यावर डोळा ठेवणारा असतो.
कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि सगेसोयरे तुटले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, मधली काही वर्षं दोघं वेगळे राहिले. या सौद्यात नफा कुठला दाखवाल? त्यांना ख्रिस्त मिळाला, आणि तो त्यांनी अभंगांत गायला. योहानाच्या पत्रात क्रमही उलटा आहे. आधी त्यानं आपल्यावर प्रीती केली, म्हणून आपण करतो. मजुरी आगाऊच मिळालेली असेल, तर मजूर कसले आपण?

रंकाळ्यावरचा:
हे हुंड्याचं पटलं. पण सामान्य माणूस नरकाच्या भीतीनंच चर्चमध्ये येतो, हेही मान्य करा.

अभंगवेडी:
करते की. बाराव्या शतकातल्या बर्नार्ड नावाच्या फ्रेंच मठाधिपतीनं चार पायऱ्या सांगितल्यात. माणूस आधी स्वतःसाठी स्वतःवर प्रीती करतो, मग स्वतःच्या गरजेपोटी देवावर, मग देवासाठी देवावर, आणि शेवटी स्वतःवरसुद्धा देवासाठीच. स्वार्थापासून सुरुवात होते, हे तो उघड लिहितो. भीतीबद्दल म्हणाल, तर पूर्ण प्रीती भीतीला हाकलून देते, असं योहानाच्याच पत्रात आहे.

राजारामपुरीकर:
मग उपदेशात तेच सांगा ना! 'देवच भेटेल, हेच बक्षीस' एवढं म्हटलं असतं तरी माझी तक्रार नव्हती. मुकुट म्हटलं की माणसाला सोनं दिसतं.

मिरजेची लेक:
आणि पौलानं मुकुटाचं लिहिलं ते कुठून? तुरुंगातून, मरण समोर दिसत असताना, आपल्या तरुण साथीदाराला, तीमथ्याला. मुलगा गमावलेल्या बाईच्या शेजारी बसून बघा एकदा, तिला बर्नार्डच्या पायऱ्या नाही उपयोगी पडत. 'काही वाया गेलं नाही' एवढं ऐकायचं असतं तिला.

राजारामपुरीकर:
हे मान्य, ताई. तुरुंगातल्या माणसाचा मुकुट मी काढून घेणार नाही. पण संडेस्कूलात वचन पाठ केलं की चॉकलेट, हे तरी बंद करूया.

तालमीतला पीटर:
येत्या रविवारी तुम्हीच या पोरांना सांगायला. मी दारात उभा राहून बघतो.