दापोली कॅम्पातल्या (इंग्रजांच्या जुन्या लष्करी छावणीतल्या) कबरी: माणसं कोण होती ते कसं शोधायचं?

आजोळ_दापोली:
मंडळी, मे महिन्यात आजोळी गेले होते तेव्हा पडकं चर्च बघून पुढे गोऱ्यांच्या जुन्या कबरींकडे चक्कर मारली. एका दगडावर आडनाव अर्धंच उरलंय, खाली "एच.एम." स्पष्ट दिसतं, पुढचा पलटणीचा नंबर फुटलाय, आणि शेजारीच एक इवलीशी कबर, आडनाव तेच वाटतंय, वय फक्त महिन्यांत. मामा म्हणाला सोड गं, पण डोक्यातून जात नाहीये. गुगलवर काही नाही. सुरुवात कुठून करू?

दप्तरी:
ते "एच.एम." महत्त्वाचं आहे. त्याचा अर्थ इंग्लंडच्या राजाची किंवा राणीची पलटण, म्हणजे नोकरीचे कागद लंडनला क्यूच्या नॅशनल अर्काइव्हजमधे. एच.ई.आय.सी. असतं तर ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस, त्याचे कागद ब्रिटिश लायब्ररीत. मला हा फरक माहीत नव्हता तेव्हा मी सहा महिने चुकीच्या ठिकाणी उकरत बसलो होतो 😅
दफनाची नोंद मात्र दोघांचीही एकाच ठिकाणी बघायची. मुंबई इलाख्यातले पाद्री बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांच्या नकला लंडनला धाडायचे, त्या वह्या ब्रिटिश लायब्ररीत एन/३ या क्रमांकाखाली आहेत. पाद्री नसेल तिथे एखादा अधिकारीच प्रार्थना म्हणून सही ठोकायचा. फिबिस (ब्रिटिश काळात भारतात राहिलेल्या घराण्यांची माहिती जमवणारी संस्था) आणि फॅमिलीसर्च या वेबसाइटींवर सूची फुकट आहे, मूळ पानाचा फोटो फाइंडमायपास्ट या वेबसाइटवर, पण पैसे पडतात. आधी बाळाचा बाप्तिस्मा शोधा कारण त्यात आईचं नाव आणि बापाचा हुद्दा असतो, आडनाव तिथूनच पूर्ण होईल.
आणि बाप कंपनीचा निघाला तर मेल्यावर त्याच्या सामानाचा लिलाव व्हायचा त्याच्या याद्याही बघा, कोणी काय कितीला घेतलं, चमच्यापासून घोड्यापर्यंत. आख्खं घर दिसतं त्यात.

कातळ:
दगड घासू नका प्लीज!! खडू, तारेचा ब्रश, ॲसिड काही नको. संध्याकाळी जा, टॉर्च दगडाला चिकटवून बाजूने मारा, अक्षरांची सावली पडते आणि पुसलेलं पण वाचता येतं.

मंडणगडकर:
गोऱ्यांच्या तान्ह्या पोरांची सुद्धा नोंद सापडते, छान आहे. त्याच दापोलीत पेन्शनर शिपाई राहायचे, आपल्याच माणसांची पलटण, बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ पण निवृत्तीनंतर तिथेच राहिले होते. त्या शिपायांचे दगड कुठायत?

दप्तरी:
@मंडणगडकर मुद्दा खरा आहे, एन/३ मधे फक्त ख्रिश्चन मिळतात. शिपायांसाठी पलटणीचे आणि पेन्शनचे कागद बघावे लागतात, जास्त किचकट काम. १८८० चं रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटिअर (इंग्रज सरकारने काढलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ) आधी वाचा, नेटवर आहे, कॅम्पाचा इतिहास कळतो.

आजोळ_दापोली:
थँक्यू सगळ्यांना! फिबिसवर आडनावाची पहिली चार अक्षरं टाकली तर सतरा जण आले 🙈 गणपतीला जाणारे तेव्हा टॉर्च घेऊन जाते. @मंडणगडकर मामाच्या शेजारी एक काका आहेत, त्यांचे पणजोबा पेन्शनर होते म्हणतात, घरात जुनी सनद आहे. विचारू का त्यांना?

मंडणगडकर:
विचारा की. आणि फोटो टाका.